समोरची मूठ

करवतीच्या कामात मुख्य कोण, असं कुणी विचारलं की मंगा हसायचा आणि म्हणायचा, "करवतमा मोठा-धाकला कोनी नही. दोन्ही मुठी सारख्याच." हे तो इतक्या जणांना इतक्या वेळा म्हणाला होता की सोनगीरच्या बाजारात ती एक म्हणच होऊन बसली. चहाच्या टपरीवर दोघं पैसे देण्यावरून हुज्जत घालू लागले की तिसरा म्हणायचा, "भांडू नका रे, दोन्ही मुठी सारख्याच. मंगा आबाले इचारा."

करवत दोन मुठींची होती, माणसाच्या उंचीएवढी लांब. एका टोकाला मंगा, दुसऱ्या टोकाला त्याची बायको बिजलीबाई, आणि मधे आडवा पडलेला ओंडका. गेली तीस-एक वर्षं सोनगीरच्या आसपास कुठेही मोठं झाड वाऱ्यानं पडलं, किंवा वाळून उभं राहिलं, की या दोघांना बोलावणं जायचं. ते ओंडक्याचे ठोकळे पाडायचे, मंगा कुऱ्हाडीनं ठोकळे फोडायचा, आणि ते सरपण लग्नांच्या आचाऱ्यांना जायचं. कितीही गॅसच्या शेगड्या आल्या तरी पाचशे पानांचं वरण चिंचेच्या नाहीतर बाभळीच्या जाळावरच शिजतं, असं मानणारे आचारी अजून शिल्लक होते. त्यांच्या जिवावर या दोघांची चूल पेटत होती.

मंगा मूळचा सातपुड्याच्या पायथ्याचा. तिकडच्या पाड्यावर पावसाच्या भरवशाची जमीन, आणि भाऊ वाढले तसे तिचे तुकडे. तरुणपणी तो आणि त्याचा थोरला भाऊ रोहिदास करवत खांद्यावर टाकून खाली उतरले आणि सोनगीरला राहिले. समोरची मूठ तेव्हा रोहिदासची होती. एका पावसाळ्यात रोहिदास काविळीनं गेला. दिवस होऊन गेले तरी मंगा दारात करवत आडवी टाकून नुसता बसून असायचा. एका मुठीची करवत म्हणजे एका चाकाची गाडी. लग्न होऊन वर्षही न झालेली बिजली तेव्हा उंबऱ्यावर येऊन म्हणाली, "ऊठ. मी धरसू."

"बाई करवत ओढी का कधी?"

"विहिरीनं पानी ओढस. करवत काय तेनापेक्षा जड शे?"

मंगानं तिला एकच गोष्ट शिकवली. ओढायचं, ढकलायचं नाही. आपली ओढ झाली की हात ढिला सोडायचा. मग समोरचा त्याच्या वेळेला ओढतो. सोडायच्या वेळी धरून ठेवलं तर समोरच्याच्या खांद्याला हिसका बसतो, आणि ढकललं तर पातं वाकतं. बिजलीबाई हे दोन दिवसांत शिकली. पुढे ती इतकी तरबेज झाली की तिचं मन करवतीवरून कळायचं. घरात काही बिनसलं असेल तर ती तोंडानं काही बोलायची नाही. तिची ओढ मात्र अशी यायची की मंगाला ओंडक्यावर आडवं व्हायची वेळ यायची. मग तो म्हणायचा, "बरं बाई, चुकनं मनं." पुढची ओढ मऊ यायची.

ओंडक्यावर कुठे कापायचं ती रेघ कोळशानं मारायचं काम मंगाचं. ती रेघ सुटू न देण्याचं कामही त्याचंच. डोळ्यांवर ऊन आलं की कोळशाची रेघ दिसत नाही, म्हणून तो नेहमी उन्हाला पाठ करून बसायचा. बिजलीबाई समोर. तिच्या दोन भुवयांच्या मधे दोन खोल आठ्या पडलेल्या होत्या. त्यामुळे ती कायम रागात आहे असं लोकांना वाटायचं. लेक रोशनी लहानपणी म्हणायची, "माय, हास ना एक डाव." बिजलीबाई हसायची, पण आठ्या जागच्या हलत नसत. रोशनी पुढे एरंडोलकडे नांदायला गेली, आणि घरात ही दोघं आणि करवत राहिली.

मग गेल्या थंडीत बिजलीबाईचा उजवा खांदा दुखू लागला. आधी फळीवरचा डबा काढता येईना, मग केस बांधता येईनात. तेल लावून झालं, शेकून झालं, एका बाबाचा धागाही बांधून झाला. शेवटी धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला, तिचा हात हळूच वर करून पाहिला आणि मंगाकडे वळून म्हणाले, "खांद्याच्या आतली दोरी तुटत आली आहे, बाबा. धाग्यावर आहे. ओढायचं काम पूर्ण बंद. आता ओढलं तर तुटेल, आणि मग हा हात खांद्याच्या वर कधीच जाणार नाही."

बाहेर आल्यावर बिजलीबाई म्हणाली, "मंग वर कसाले पाहिजे हात? लाकूड तं खालेच ऱ्हास."

मंगा हसला नाही.

त्यानं दुसरा जोडीदार शोधला. पुतण्या लखन चार दिवस आला. ओढायच्या वेळी त्याचं लक्ष खिशातल्या फोनकडे, आणि सोडायच्या वेळी हा ढकलणार. पाचव्या दिवशी त्यानं नरडाण्याच्या कंपनीत काम धरलं. त्याचं चुकलं असंही नाही. कंपनीत डोक्यावर पत्रा होता आणि महिन्याला पगार होता. पण मंगाची समोरची मूठ मोकळीच राहिली, आणि बिजलीबाई पुन्हा तिथे जाऊन बसली.

तेव्हापासून मंगा ढकलू लागला. आपली ओढ संपली की हात सोडायच्या ऐवजी तो करवत हलकेच पुढे रेटायचा, म्हणजे तिला ओढावं लागू नये. जन्मभर ज्या गोष्टीसाठी त्यानं दुसऱ्यांना शिव्या दिल्या तीच तो चोरून करू लागला. थंडी सरली, होळी झाली, आणि एक दिवस बिजलीबाई पात्यावरून बोट फिरवत म्हणाली, "पाताले पोट उनं शे."

मंगा कानस शोधल्यासारखं करू लागला.

"तू ढकली ऱ्हायना," ती म्हणाली.

"तुले कधी समजनं?"

"पयलाच दिन."

"मंग बोलनी काबरं नही?"

"बोलती तं तू ढकलनं सोडी देता. मनाबी खांदा दुखस ना."

एवढं बोलून ती भाकरी करायला उठली. मंगा करवतीकडे बघत बसला. पातं मधोमध फुगलं होतं. असं पातं लाकडात सरळ चालत नाही, अडतं, आणि अडलेलं पातं ओढायला दुप्पट जोर लागतो. तिचा खांदा वाचवायला त्यानं जे केलं होतं तेच तिच्या खांद्यावर उलटणार होतं.

त्याच वैशाखात वावटळीत कौतिक भाऊंच्या शेतातली जुनी चिंच पडली. कौतिक भाऊ माणूस चांगला. म्हणाले, "मंगा, लाकूड बठ्ठं तुनं. माले फक्त शेत मोकळं करी दे, मिरीग लागाना पयले. पेरनी अडाले नको." चिंचेचं खोड कमरेएवढं जाड होतं. ते कापून निघालं असतं तर पुढची सगळी लग्नसराई निभावली असती. पण कापणार कोण?

मंगानं दोन शेळ्या आणि बोकड विकले, आणि लाकूड कापायचं मशीन घ्यायला तो बिजलीबाईला घेऊन धुळ्याला निघाला.

पुखराज शेटचं दुकान आग्रा रोडवर होतं. फवारणीचे पंप, पाण्याच्या मोटारी, गवत कापायची यंत्रं, आणि मुलगा मनन हाताशी आल्यापासून लाकूड कापायची मशीनंही. शेट जैन, वाळली काडीसुद्धा तोडायला जीव कचरणारा माणूस. ही मशीनं दुकानात ठेवायला त्यानं मुलाला परवानगी दिली ती एका अटीवर, हिरव्या झाडासाठी विकायचं नाही. गिऱ्हाईक आलं की शेट गादीवरूनच विचारायचा. मंगालाही त्यानं विचारलं.

"झाड हिरवं की वाळलेलं?"

"पडेल शे, शेट. वारानी पाडं."

"मग पाप वाऱ्याचं. मनन, आबांना दाखव."

"सगळ्यांचीच झाडं वाऱ्यानं पडतात, पप्पा," मनन हसत म्हणाला. "धुळ्यात इतका वारा कुठून येतो काय माहीत."

मननने विजेवर चालणारं मशीन पुढे केलं. ते हलकं होतं, पण शेतात वीज कुठली? बॅटरीचं होतं, ते फांद्यांपुरतं. मग त्यानं पेट्रोलचं काढलं, केशरी रंगाचं. पेट्रोलमधे तेल किती मिसळायचं, साखळीला तेल वेगळं कुठे भरायचं, दोरी ओढताना पाय कुठे ठेवायचा, सगळं सांगितलं. त्याहून मोठ्या इंजिनाचंही एक होतं. ते मंगानं उचललं, आणि मग किंमत ऐकली. त्यानं ते हळूच खाली ठेवलं.

"ओंडका केवढा आहे, आबा?"

मंगानं कमरेला हात लावला.

"मग हेच घ्या. मधलं. ही पट्टी आहे ना, हिच्यावर साखळी फिरते. भरपूर झाली."

मंगानं पट्टी पाहिली. कोपरापासून बोटांपर्यंत जेमतेम भरली. त्याला हसू आलं. "हाई? हाई तं केळानं खांब कापाले शे, भो."

"दोन्ही बाजूंनी कापायचं, आबा. अर्धं या बाजूनं, मग फिरून पलीकडे जायचं आणि उरलेलं तिकडून. मधे काप भेटतो."

"नही भेटत," मंगा म्हणाला. आता तो त्याच्या मुलखात आला होता. "मी जन्मभर लाकूड कापेल शे. दोन बाजूना काप कधीच भेटत नही, बोटभर चूक व्हसच. करवत नेहमी लाकूडपेक्षा लांब पाहिजे, हात हात भर दोन्हीकडथून."

"ते करवतीचं झालं. करवत मागे-पुढे चालते, म्हणून तिला जागा लागते. ही साखळी एका जागी फिरते."

ऐकणाऱ्याला पटावं असंच ते बोलणं होतं. पण मंगाला जे येत होतं ते करवतीवरून येत होतं, आणि आयुष्यभर जे खरं ठरलं ते एका दुकानात उभ्या उभ्या कसं खोटं मानायचं? त्याची नजर भिंतीकडे गेली. तिथे एक लांबलचक पट्टी टांगली होती, हातभराच्या दुप्पट.

"ती लाव."

"ती मोठ्या इंजिनची आहे. याला बसेल, पण ओढणार नाही. तेलही टोकापर्यंत पोचणार नाही."

गादीवरून शेट म्हणाला, "आबा, गोऱ्ह्याला लोखंडी नांगर जुंपू नका."

"गोऱ्हा मना, नांगर बी मना," मंगा म्हणाला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. त्या हसण्यानं मंगाला जरा बळ आलं, आणि मननने खांदे उडवून लांब पट्टी काढली.

बिजलीबाई इतका वेळ खाली फरशीवर बसून मशीन न्याहाळत होती. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. मग म्हणाली, "पोरा, येनी दुसरी मूठ कोठे शे?"

"ही पुढची, ही मागची, आक्का. दोन्ही एकाच माणसानं धरायच्या."

तिनं पुढच्या मुठीवर डावा हात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला आणि काढून घेतला. "मंग मी काय करू?"

"तू आते बसी ऱ्हाय," मंगा म्हणाला. शेळ्या गेल्याचं दुःख त्या एका वाक्यात भरून निघालं. हे वाक्य म्हणता यावं म्हणून तर तो इथवर आला होता.

निघताना शेटनं सांगितलं, "छोटी पट्टी आणि तिची साखळी डब्यात आहे. टाकू नका."

टाकली नाही. घरी आल्यावर मंगानं ती कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवली, वरचं प्लास्टिक उडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी शेतात मशीन पहिल्या दोरीला सुरू झालं. चिंचेच्या फांद्या त्यानं काकडीसारख्या कापल्या. कौतिक भाऊ बांधावर उभे राहून बघत होते. "मंगा, तू तं कारखाना उघाडा रे!" म्हणाले. बिजलीबाई एका फांदीवर बसून होती, हात मांडीवर. काय करावं हे तिला कळत नव्हतं. मधेच उठून ती भुसा गोळा करायची आणि पुन्हा बसायची. मंगा मान वळवून वळवून तिला बघायचा. ती बसलेली आहे हे बघायला त्याला आवडत होतं.

दोन दिवस फांद्यांत गेले. मग खोड आलं.

मंगानं कोळशानं रेघ मारली, लांब पट्टी रेघेवर टेकवली. साखळी सालीतून आत गेली, वीतभर गेली, आणि इंजिनाचा आवाज बसला. माणसाला दम लागावा तसा. त्यानं जोर दिला. इंजिन बंद पडलं. पुन्हा दोरी, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. काप मिटू नये म्हणून त्यानं पाचरी ठोकल्या. लाकूड उघडं राहिलं, पण साखळी हलेना. पट्टीच्या टोकाकडून धूर येऊ लागला, मग मशीनच्या पोटातून, आणि जळक्या रबरासारखा वास सुटला. पट्टी ओढून बाहेर काढली तेव्हा तिचं टोक निळं-काळं पडलं होतं. तो दोरी ओढत राहिला. तळव्याची साल गेली तरी ओढत राहिला. मशीननं एकदाही हूं की चूं केलं नाही.

"मरी गयं," तो म्हणाला.

संध्याकाळी कौतिक भाऊ आले. त्यांनाही बोलताना जड जात होतं. "मंगा, मिरीग तोंडवर उना. मी जेसीबी सांगेल शे, सकाय दुपारले येस. तवलग जितलं कापशी तितलं तुनं. बाकीनं नालामा लोटी देवाना शे. मी तरी काय करू?"

बिजलीबाईनं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मंगाला जाग आली तेव्हा भिंतीवर करवत नव्हती. तो तसाच शेताकडे पळाला. बिजलीबाई खोडाच्या पलीकडे गुडघे टेकून बसली होती, आणि करवत त्याच्याच कालच्या रेघेवर ठेवलेली होती.

"ऊठ तठून."

"डावा हातवरी ओढस मी. डावाले काय व्हयेल शे?"

"डॉक्टरनी काय सांगं?"

"डॉक्टर लाकूड दी का माले?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "शेळ्या गयात. मशीन गयं. आते हाई चिंच बी जाऊ देवानी का? धर तुनी मूठ."

मंगानं मूठ धरली. दुसरं काही करता येईल असं त्याला त्या सकाळी खरोखरच सुचलं नाही.

त्यांनी एक ठोकळा पाडला. दुसऱ्याला पोट आलेलं पातं अडू लागलं. बिजलीबाईचा डावा हात थकला, आणि केव्हा तिनं उजवा लावला ते मंगाला कळलं नाही. त्याची नजर रेघेवर होती. सूर्य त्याच्या पाठीवर चढत होता. दूर रस्त्याकडून जेसीबीची घरघर येऊ लागली, आणि दोघांची लय नकळत वाढली. पातं मधेच घट्ट रुतलं. मंगानं दात-ओठ खाऊन हिसका दिला. सोडायची वेळ तिची होती. पण ती थकली होती, हात ढिला करायला तिला पळभर उशीर झाला.

आवाज फार मोठा नव्हता. जुनं लुगडं फाटतं तेवढाच.

"थांब जरासा," बिजलीबाई म्हणाली. अगदी हळू, जसं पायात काटा मोडल्यावर सांगावं. तिचा उजवा हात मुठीवरून घसरून मांडीवर पडला. तिनं तो उचलायचा प्रयत्न केला. बोटं हलली, हात उचलला गेला नाही. मग तिनं डाव्या हातानं तो उचलून नीट मांडीवर ठेवला, झोपलेलं मूल ठेवावं तसा.

ओढ मंगाची होती.

जेसीबी आली. कौतिक भाऊंनी बिजलीबाईकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, "खोड नालामा नको लोटू. बांधवर ठी दे. नडत नही ते माले." खोड बांधावर जाऊन पडलं. पण आता ते कापणार कोण, हा प्रश्न होता तिथेच होता, फक्त त्याला उत्तर देणारे चार हात होते त्यातले तीनच उरले होते.

दवाखान्यात डॉक्टर रागावले नाहीत, आणि त्याचंच मंगाला जास्त भय वाटलं. त्यांनी हात गळ्यात बांधून दिला. ऑपरेशनचं सांगितलं, पण इतक्या वर्षांची झिजलेली दोरी शिवली तरी धरेल याची खात्री देता येत नाही, असंही सांगितलं. "भाकरी करता येईल," ते म्हणाले. "केस बांधता येणार नाहीत."

तिथून मंगा पोतं खांद्यावर घेऊन पुखराज शेटच्या दुकानाशी आला. पोत्यात मशीन होतं. भंगारात किती येतील एवढंच त्याला विचारायचं होतं. पण पायरी चढवेना. बिजलीबाई गळ्यात हात बांधून पायरीवर बसली, आणि तो उन्हात उभा. शेवटी मननच बाहेर आला आणि त्यानं पोतं आत नेलं.

त्यानं जळकी पट्टी काढून बाजूला ठेवली. इंजिनाचा प्लग काढला, फडक्यानं पुसला, ब्रशनं घासला, परत बसवला. पायाखाली मशीन धरून दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला मशीन सुरू झालं. आग्रा रोडवरच्या सगळ्या गोंगाटाच्या वर त्याचा आवाज गेला, ताजा, टणटणीत.

"इंजिनला काहीच झालं नाहीये, आबा. पट्टीनं दम काढला त्याचा. एक प्लेट घासलीय, ती बदलतो. छोटी पट्टी कुठंय? डब्यातली?"

पायरीवरून बिजलीबाई म्हणाली, "खुराडावर शे. कोंबड्यास्ना."

मननने मशीन बंद केलं. शेटकडे प्रत्येक गोष्टीला एक म्हण असे. या वेळी तो नुसता उठला, माठातलं पाणी ग्लासात भरलं आणि आधी पायरीवर नेऊन तिला दिलं. तिचा उजवा हात सवयीनं हलायला गेला आणि थांबला. तिनं डाव्यानं ग्लास घेतला.

मशीन मेलेलंच निघायला हवं होतं, असं मंगाला वाटलं. मेलेलं निघालं असतं तर नशिबाला बोल लावता आला असता. ते जिवंत होतं. ज्या सकाळी बिजली करवतीला बसली, त्या सकाळीही ते जिवंतच होतं, आणि त्याची पट्टी घरी कोंबड्यांवर ठेवलेली होती.

पुढचे काही दिवस तो मशीनला हात लावेना. जेवेनाही धड. बिजलीबाईनं एका हातानं भाकरी थापायला सुरुवात केली. ती एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ व्हायची. सकाळी ती त्याच्यापुढे पाठ करून बसायची आणि तो तिचे केस बांधायचा. करवतीची मूठ आवळणाऱ्या हातांना अंबाडा बांधणं काही केल्या जमेना. एकदा ती म्हणाली, "ओढू नको. ढिलं सोड." आणि म्हटल्यावर आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं.

रुपचंद आचाऱ्याचा निरोप आला तेव्हा घरात पीठ संपत आलं होतं. शेवटच्या लग्नांना सरपण हवं होतं. बिजलीबाईनं स्वतः खुराड्यावरची पट्टी काढली, पदरानं पुसली आणि मशीनजवळ नेऊन ठेवली.

बांधावर मंगानं कोळशानं रेघ मारली, सगळ्या अंगानं, पार खोडाच्या पलीकडेपर्यंत. मग उन्हाला पाठ करून तो आपल्या बाजूला उभा राहिला. छोटी पट्टी लाकडात शिरली आणि इंजिन दमलं नाही. मुठीपर्यंत आत गेली. अर्धं खोड कापलं गेलं. इतकं सोपं, की त्याचे डोळे भरून आले.

आता पलीकडून कापायचं होतं. तो मशीन घेऊन खोडाला वळसा घालून समोर गेला, बिजलीबाईच्या जागी गुडघे टेकले आणि मान वर केली.

सूर्य सरळ डोळ्यांत होता. खोड काळं दिसत होतं, शेत पांढरं, आणि रेघ कुठेच नव्हती. त्यानं डोळे बारीक केले. भुवया जवळ आल्या. कपाळावर, दोन भुवयांच्या मधे, कातडीला घडी पडली. ती घडी त्याला ओळखीची वाटली. त्यानं बोट लावून पाहिलं.

मग मशीन खाली ठेवून म्हणाला, "तू इतला वरीस ह्या उनमा बसनी?"

बिजलीबाई आता खोडापलीकडे, त्याच्या नेहमीच्या जागेजवळ, उन्हाला पाठ करून बसली होती. "मंग? एक जनले तरी रेघ दिसाले पाहिजे ना."

"कधी बोलनी नही."

"तू दोन्ही मुठी सारख्याच म्हने. गावभर म्हने. माले ऐकाले बरं वाटे."

ऊन डोळ्यांतून आत, डोक्यात चढत होतं. उठून संध्याकाळपर्यंत थांबता आलं असतं, मग ऊन पाठीला आलं असतं. तो उठला नाही. दोरी ओढून त्यानं मशीन सुरू केलं आणि पट्टी खोडाजवळ नेली, पण कुठे टेकवायची ते काही केल्या दिसेना. त्यानं इंजिन मंद केलं आणि आंधळ्यानं विचारावं तसं विचारलं, "बिजली, रेघ कोठे शे?"

ती उठली. गळ्यातला हात सांभाळत, डावा हात खोडावर टेकवून वाकली, आणि त्याच्या नेहमीच्या बाजूनं, उन्हाला पाठ करून, रेघ बघू लागली.

"जरासा तुना डावाले," ती म्हणाली. "आखो. आखो बोटभर. हां. आते सोड."